धातू आणि धागा : ‘मस्सेखा’ या हिब्रू शब्दाचा मागोवा

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका रविवारी आमच्या भिवंडीत धर्मशिक्षणाच्या वर्गात सोन्याच्या वासराची कथा चालली होती. मोशे सिनाय पर्वतावर, इकडे पायथ्याशी अहरोनाने लोकांचे दागिने वितळवून केलेले वासरू, आणि त्यापुढे चाललेला नाच. शिक्षिकेने ‘ओतीव मूर्ती’ हे शब्द फळ्यावर लिहिले. एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘‘बाई, भांड्यांच्या दुकानात पितळेची लक्ष्मी असते, ती ओतीव मूर्ती का?’’ बाई उत्तर जुळवीत होत्या, तोच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. ‘‘आणि आमच्या घरच्या क्रुसावरचा येशू पितळेचा आहे, तोसुद्धा ओतीवच ना?’’ वर्ग खुदकन हसला. दाराशी उभे असलेले आम्ही मात्र हसू शकलो नाही. प्रश्न पोरांचा असला तरी पोरकट नव्हता.

भिवंडीसारख्या गावात असे प्रश्न पुस्तकात मिटून ठेवता येत नाहीत. येथे एका भिंतीपलीकडे देवघरातील घंटा वाजते, दुसऱ्या भिंतीपलीकडून अजान ऐकू येते, आणि संख्येने थोडकी अशी आपली ख्रिस्ती कुटुंबे या दोहोंच्या शेजाराने राहतात. १९७० आणि १९८४ या दोन वर्षी या शहराने धर्माच्या नावाने पेटलेली आग पाहिली आहे. ‘मूर्ती’, ‘मूर्तिपूजक’ हे शब्द येथे तोंडातून काढण्यापूर्वी तोलावे लागतात. ते तोलायचे तर ज्या भाषेतून ते आपल्याकडे आले, त्या भाषेच्या तराजूत आधी टाकून पाहावेत, असे आम्हांस वाटले. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोरीव आणि ओतीव

जुन्या करारात मूर्तीसाठी एक नव्हे, अनेक हिब्रू शब्द आहेत. मराठीत वाचताना आपणांस बहुतेक ठिकाणी ‘मूर्ती’ हा एकच शब्द भेटतो, परंतु मुळात प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. ‘पेसेल’ म्हणजे टाकीने तासलेली, कोरीव मूर्ती. ‘त्सेलेम’ म्हणजे प्रतिमा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाला असे सांगताना हाच शब्द आला आहे. ‘एलीलीम’ हा उपहासाचा शब्द. देव या अर्थाच्या ‘एल’शी त्याचा ध्वनी जुळतो, पण अर्थ पोकळ, कवडीमोल असा आहे. आणि ‘मस्सेखा’ म्हणजे ओतीव मूर्ती. ‘नेसेख’ हे त्याचेच भावंड.

मराठीत ‘धातू’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. सोनाराच्या मुशीत वितळतो तोही धातू आणि व्याकरणात शब्द ज्यापासून घडतो तोही धातू. ‘मस्सेखा’चा व्याकरणातला धातू ‘नासाख’, म्हणजे ओतणे. हा धातू केवळ भट्टीपाशी वापरला जात नाही. वेदीवर परमेश्वरासाठी द्राक्षारस ओतला जाई, त्या पेयार्पणाच्या क्रियेसही ‘नासाख’च म्हणत आणि त्या अर्पणास ‘नेसेख’ म्हणत. म्हणजे देवापुढे ओतलेले अर्पण आणि देव म्हणून ओतलेली मूर्ती, दोन्ही एकाच क्रियेची अपत्ये. या योगायोगात जुन्या कराराचे सारे दुखणे साठवले आहे. जे ओतणे देवासाठी असावयाचे, तेच देव बनविण्याकडे वळले.

मग धातूच्या ओतकामावरच बायबलचा रोष होता काय? तसे मुळीच नाही. कराराच्या कोशाला लावावयाची सोन्याची चार कडी ओतून करावीत, अशी आज्ञा निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. शलमोनाच्या मंदिरातील पितळी वस्तू यार्देनेच्या खोऱ्यात, सुक्कोथ आणि सारथान यांच्या दरम्यान चिकणमातीच्या जमिनीत ओतल्या गेल्या, असे राजांच्या पहिल्या ग्रंथात नोंदले आहे. त्यांत पाण्याचा एक प्रचंड ओतीव हौद होता आणि तो बारा बैलांच्या पाठीवर उभा होता. परमेश्वराच्या मंदिराच्या आवारात पितळेचे बारा बैल! परंतु कडी आणि हौद ओतण्याच्या वर्णनात ‘यात्साक’ हे दुसरे क्रियापद येते, आणि मंदिरातील कोणत्याही वस्तूला ‘मस्सेखा’ म्हटलेले नाही. धातू तोच, भट्टी तीच, कारागिरी तीच, पण शब्द निराळा.

कोरीव कामाचीही तीच कथा. ‘पेसेल’ ज्यापासून आला तो ‘पासाल’ म्हणजे तासणे हा धातू निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायाच्या आरंभी देवाच्याच मुखी आहे. फुटलेल्या पाट्यांच्या जागी नव्या दोन पाट्या तास, असे तो मोशेला सांगतो. त्याच अध्यायात सोळा ओव्यांनंतर ओतीव देव करण्याची मनाई येते. टाकी पवित्र कामालाही लागते आणि अपवित्र कामालाही. टाकीचा दोष नाही. मलाखी संदेष्ट्याने तर परमेश्वरालाच रुपे शुद्ध करीत बसलेल्या कारागिराची उपमा दिली आहे.

वासरू कसे ओतले?

आता त्या प्रसिद्ध वासराकडे वळू. निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात त्याला ‘एगेल मस्सेखा’ म्हटले आहे. ‘एगेल’ म्हणजे वासरू, तरणा गोऱ्हा. अहरोनाने लोकांच्या कानांतील सोने गोळा केले, हत्याराने आकार दिला आणि ओतीव वासरू केले, असे कथेत येते. पुढे मोशे जाब विचारतो, तेव्हा अहरोन सांगतो की आपण सोने विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले! आपल्याकडील कोणीही ओतारी हे ऐकून पोट धरून हसेल. मेणाचा नमुना करा, त्यावर मातीचे लेप द्या, ते वाळवा, आच देऊन मेण काढून टाका, मग मुशीतील रस त्या पोकळीत सोडा, थंड झाल्यावर माती फोडा, कानशीने घासा. इतके सोपस्कार झाल्यावाचून विस्तवातून शेपूटसुद्धा बाहेर येत नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाच्या साच्याची ही रीत सविस्तर सांगितली आहे. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे मिळालेले हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हे ओतीव कांस्यशिल्प पाहिले की ही विद्या या भूमीत किती जुनी आहे, ते कळते. अहरोनाची सबब म्हणजे अंगावरची जबाबदारी झटकणाऱ्याची सबब होय. पाप आपोआप घडले, मी काही केले नाही, ही भाषा आपल्याही ओळखीची आहे.

कथेत आणखी एक गोम आहे. मोशेने ते वासरू जाळले, मग दळून त्याची पूड केली. सोने वितळते, जळत नाही. तेव्हा आत लाकडाचा गाभा आणि वर सोन्याचा पत्रा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. शास्ते ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातील मीखाची कथा याला जोडून वाचावी. त्याच्या आईने दोनशे रुपये सोनाराला दिले आणि त्यांची ‘पेसेल’ व ‘मस्सेखा’ तयार झाली. या दोन मूर्ती, की कोरलेल्या गाभ्यावर धातू चढवलेली एकच मूर्ती, याविषयी मतभेद आहेत. यशयाच्या तिसाव्या अध्यायात तर रुप्याने मढवलेल्या मूर्तींचा आणि मस्सेखाच्या सोनेरी आवरणाचा एकत्र उल्लेख आहे. १९९० साली प्राचीन अश्कलोन शहराच्या उत्खननात लॉरेन्स स्टेगर यांच्या पथकाला मातीच्या छोट्या देव्हाऱ्यात ठेवलेले एक वासरू सापडले. ते कांस्याचे असून त्यावर रुपे मढवलेले होते. उंची जेमतेम वीतभराच्याही आत, आणि काळ इस्राएल लोक त्या देशात येण्यापूर्वीचा. शोमरोनच्या डोंगरात मिळालेला, आमिहाय माझार यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला कांस्यबैल सुमारे अठरा सेंटिमीटर लांबीचा आहे. चित्रपटांत दिसणारे हत्तीएवढे वासरू विसरावे. ही माणसाच्या ओंजळीत मावणारी दैवते होती.

ओंजळीत मावणारी, हेच महत्त्वाचे. वासरू पूर्ण झाल्यावर अहरोनाने पुकारा केला तो दुसऱ्या कोणा देवाच्या सणाचा नव्हे, उद्या परमेश्वराचा सण आहे असा. म्हणजे लोकांनी देव बदलला, यापेक्षा देवाला हाताशी आणले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. अमेरिकन संशोधक विल्यम ऑल्ब्राइट यांनी असे सुचविले होते की यराबाम राजाने बेथेल व दान येथे स्थापलेली सोन्याची वासरे ही देवाची मूर्ती नसून अदृश्य देवाचे आसन असावे. आपल्याकडे वाहनाची कल्पना सर्वांस ठाऊक आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे चटकन उमगते. परंतु आसनाचाच देव होण्यास वेळ लागत नाही. होशेय संदेष्ट्याच्या काळी माणसे वासरांचे मुके घेत होती.

तीन भाषांचा प्रवास

हा शब्द आपल्यापर्यंत कसा पोहोचला? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी बायबलच्या ग्रीक भाषांतरास आरंभ केला. वासराच्या कथेत त्यांनी ‘मस्सेखा’साठी वितळवून ओतलेले या अर्थाचा ‘खोनेउतोस’ हा शब्द योजला. इ. स. ४०५ च्या सुमारास बेथलेहेमात बसून संत जेरोमने लॅटिन भाषांतर पुरे केले. त्यात हा शब्द ‘कोन्फ्लातिलिस’ झाला. त्यात भात्याने फुंकून वितळविण्याची कल्पना आहे. एकाने ओतणारा हात पाहिला, दुसऱ्याने भाता.

येथे आपल्या परिसराचा एक धागा जुळतो. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख केला आहे. तेथे इराणातून नेमलेला बिशप असे आणि तेथून तांबे व कापड यांचा व्यापार चाले, असे तो लिहितो. हे बंदर म्हणजे उल्हास खाडीवरील आपले शेजारचे कल्याण, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर तेथील ख्रिस्तजनांच्या उपासनेची भाषा सिरियाक होती, आणि हिब्रूच्या त्या सख्ख्या बहिणीतही धातू ओतण्यासाठी ‘नसख’ हेच मूळ आहे. तांबे आणि कापड, या दोन मालांची नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

मराठीत जुन्या कराराची कथा प्रथम विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे ‘पैले पुराण’ हे जुन्या करारावरच रचले आहे. हिब्रूची थेट ओळख मराठी मुलखाला घडली ती मात्र एकोणिसाव्या शतकात. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्याच समाजातील जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी अनुवाद केले. १८७९ साली बांधलेले ठाण्याचे सभास्थान भिवंडीपासून फार दूर नाही. मराठी बोलणाऱ्या या यहुद्यांच्या कानांवर ‘मस्सेखा’ हा शब्द तोराच्या वार्षिक वाचनात वर्षोवर्ष मुळातून पडत आला आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून अखेरच्या श्वासापर्यंत बायबलचा अनुवाद केला. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून तो ग्रंथ छापून निघाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले.

मराठीत ‘ओतीव’ हा शब्द या साऱ्या परंपरेतून रुळला. तो अचूक आहे. पण हिब्रू शब्दाची एक घडी त्यात उलगडत नाही. ती उलगडायची तर आम्हांस पुन्हा भिवंडीच्या गल्लीत यावे लागेल.

मागावरचा ‘मस्सेखा’

भिवंडीचे नाव निघाले की कोणाच्याही कानांत प्रथम यंत्रमागांची खडखड घुमते. आज अनेक माग बंद पडले असले, अनेक कारखान्यांच्या जागी गोदामे आली असली, तरी ताणा, बाणा, धोटा आणि बीम हे शब्द येथील लेकरू शाळेत जाण्यापूर्वी शिकते. आणि हिब्रूचा विशेष असा की ‘मस्सेखा’ हीच अक्षरे विणलेल्या आच्छादनासाठीही वापरली जातात.

यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आखूड अंथरूण आणि अंगभर न पुरणारे पांघरूण असा दृष्टान्त आहे. त्यातले पांघरूण ‘मस्सेखा’ आहे. शिमशोनाच्या बटा दलीला ज्या मागात गुंफते, त्या मागावरील ताण्याचे नाव ‘मस्सेखेत’. पुढे यहुदी पंडितांनी तालमूद ग्रंथातील प्रत्येक प्रकरणास हेच नाव दिले, जणू प्रत्येक चर्चा म्हणजे मागावर चढवलेला ताणा. व्याकरणकार बहुधा येथे दोन निराळे धातू मानतात. एक ‘नासाख’ ओतण्याचा आणि दुसरा ‘नासाख’ विणण्याचा. दोन्ही एकच आहेत असा आमचा आग्रह नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही एकच वाटत, यात संशय नाही. यशयाच्या तिसाव्या अध्यायाच्या आरंभी तर तज्ज्ञही अडखळतात. तेथे यहूदाचे पुढारी मिसरशी गुप्त संधान बांधतात, त्यासाठी हिब्रूत ‘मस्सेखा’ हाच शब्द आहे. कोणी त्याचा अर्थ तह करताना ओतलेले अर्पण असा करतात, तर जेरोमने तेथे ‘तेला’, म्हणजे मागावरचे कापड, असा शब्द घातला. कट ओतला काय किंवा विणला काय, देवाला विचारून केला नव्हता, हा संदेष्ट्याचा मुद्दा.

या साऱ्यांहून मोलाचे वचन यशयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते डोळ्यांत पाणी असताना ऐकले असेल, कारण अंत्यविधीच्या मिस्सेत वाचावयाच्या उताऱ्यांपैकी तो एक आहे. परमेश्वर पर्वतावर सर्व लोकांना मेजवानी देईल, मृत्यूला कायमचे गिळून टाकील आणि सर्वांच्या चेहऱ्यांवरील अश्रू पुशील, असे आश्वासन त्यात आहे. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की सर्व राष्ट्रांवर पसरलेले आच्छादन तो नाहीसे करील. हे आच्छादन म्हणजे हिब्रूतील ‘मस्सेखा’. जेरोमने येथेही ‘तेला’ हाच शब्द लिहिला.

ज्याने आयुष्यभर माग चालवला अशा एखाद्या शेजाऱ्याच्या घरी दुःखाच्या प्रसंगी बसलेले असताना हे वाचन आठवावे. गल्लीत माग चालूच असतात, कोरे कापड इंच इंच गुंडाळले जात असते. मनुष्यजातीवर कोणीतरी असेच एक कापड विणीत आहे, आणि एके दिवशी देव ते हाताने बाजूला सारणार आहे, हे चित्र भिवंडीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

सिनायच्या पायथ्याशी ओतलेले वासरू आणि राष्ट्रांच्या डोळ्यांवर ओढलेला पडदा, हिब्रूच्या कानाला दोन्ही ‘मस्सेखा’. ओतीव मूर्तीचा खरा दोष या दुसऱ्या अर्थात उघडा पडतो. ती देवाला दाखवीत नाही, झाकते. आणि ध्यानात घ्यावे की यशया हे आच्छादन एखाद्या राष्ट्रावर नव्हे, सर्वांवर पसरलेले पाहतो. त्यात आपणही आलो.

बोट कोणाकडे?

‘मस्सेखा’ हा शब्द मूर्ती या अर्थाने जुन्या करारात सुमारे २५ ठिकाणी येतो. आम्ही ती स्थळे एकेक करून पाहिली. गणना ग्रंथातील कनानी लोकांच्या मूर्तींविषयीचे एक स्थळ, नहूमाचे निनवेविरुद्धचे एक आणि खास्द्यांच्या संदर्भातील हबक्कूकाचे एक, एवढे वगळले तर उरलेल्या ठिकाणी बोट परक्यांकडे नसून इस्राएलकडेच आहे. अहरोन, मीखा, यराबाम, आहाज, सारे घरचेच. संदेष्ट्यांनी हा शब्द मुख्यतः आरशासारखा वापरला.

इतिहासात मात्र या आरशाचा पुष्कळदा दगड झाला. गोव्यात १५४० नंतर तिसवाडीतील आणि १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. ज्या हातांनी ती पाडली, ते सिनायचीच आज्ञा उच्चारीत होते. त्याच साष्टीत स्टीफन्स यांनी पुढे आयुष्य वेचले आणि देवळांना मुकलेल्या लोकांच्या कानांना गोड लागेल अशा ओवीत ख्रिस्तकथा सांगितली. एका वृत्तीने शब्दाचा घण केला, दुसरीने शब्दाची ओवी केली. आमच्या पूर्वजांच्या इतिहासात दोन्ही आहेत, आणि पहिल्या गोष्टीविषयी मौन पाळून दुसरीचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ओतीव धातूची याच इतिहासातील दुसरी एक कथा अधिक कोमल आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली आणि चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या घाटावरची घंटा १७०७ सालची असून तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृती आहे. जेत्यांनी ती घासून काढली नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे उलटली, घाटावर येणारा भाविक आजही ती घंटा पाहतो. तिला ओतीव मूर्ती म्हणून कोणी फोडले नाही, की कोणी देव म्हणून पुजले नाही. धातूला धातूच्या जागी राहू देण्याचे शहाणपण तेथे दिसले.

त्या दोन प्रश्नांची उत्तरे

आता वर्गातील मुलांकडे परत जावयास हवे. घरच्या क्रुसावरील पितळी येशू ओतीव आहे काय? होय, कारागिरीने तो ओतीवच आहे. पण तो ‘मस्सेखा’ आहे काय? ते पितळेवर अवलंबून नाही, आपणांवर आहे. इ. स. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने प्रतिमेला द्यावयाचा मान आणि केवळ देवाला द्यावयाची उपासना यांत भेद केला, आणि प्रतिमेचा मान ती ज्याची आहे त्याच्याकडे पोहोचतो असे शिकविले. शुभ शुक्रवारी आपण क्रुसाचे चुंबन घेतो ते या श्रद्धेने. तरीही सावध राहावे. मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी सर्प लोकांचा जीव वाचवून गेला आणि प्रभू येशूने स्वतःच्या क्रूसमरणाची खूण म्हणून त्याचा दाखला दिला. परंतु पुढे लोक त्या सर्पापुढेच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाला तो फोडावा लागला. देवाने करविलेली वस्तूही पडदा होऊ शकते. क्रूस दारावर टांगला की घराचे रक्षण झाले, मग शेजाऱ्याचे काही का होईना, असे ज्या दिवशी आपण मानू, त्या दिवशी पितळ तेच राहील आणि शब्द बदलेल.

आणि दुकानातील लक्ष्मी? तिच्यावर निकाल देण्यासाठी हा शब्द आपल्या हाती दिलेला नाही. मूर्तीपुढे हात जोडणारी शेजारीण विचारल्यावर सांगते की आपण पितळेला नव्हे, आवाहन केलेल्या दैवताला नमस्कार करतो. तिची श्रद्धा आणि आपली श्रद्धा एक नाही, आणि ती एक आहे असे सांगण्याची गरजही नाही. परंतु थट्टेचा अधिकार आपणांस नाही. पलीकडच्या मोमीन शेजाऱ्याच्या कुराणातही सामरीने घडविलेल्या, हंबरणाऱ्या वासराची कथा आहे. सिनायच्या त्या पायथ्याची आठवण या गावात आपली एकट्याची नव्हे.

मराठीत एखादे काम मनापासून केले की आपण म्हणतो, त्याने त्यात जीव ओतला. हिब्रूचा ‘नासाख’ अखेर हेच विचारतो, की तुम्ही जीव कशात ओतला? पैशात, मानात, पोराच्या नोकरीत, जागेच्या भाड्यात? ती आजची वासरे आहेत आणि त्यांना भट्टी लागत नाही. ग्रीक भाषांतरकारांनी पेयार्पणाच्या ‘नासाख’साठी जो ‘स्पेन्दो’ शब्द वापरला, तोच संत पौलाने स्वतःविषयी वापरला. आपण अर्पण म्हणून ओतले जात आहोत, असे तो फिलिप्पैकरांस लिहितो. त्याच पत्रात तो सांगतो की ख्रिस्ताने स्वतःला रिते केले. पायथ्याशी माणसांनी सोने ओतून देव केला होता. क्रुसावर देवाने स्वतःला ओतून माणसे घडविली.

त्या रविवारी आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या मुलांपैकी काही आता स्वतःच्या मुलांना धर्मशिक्षणास पाठवीत असतील. तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर त्यांनी आधी मुलांना घरच्या क्रुसापुढे न्यावे आणि विचारावे, ‘‘यातून तुला देव दिसतो का, आणि शेजारी दिसतो का?’’ दोन्ही दिसत असतील तर तो पडदा नव्हे.